धुळ्यात रेल्वे येतेय, पण भाड्याच्या खोलीतल्या माणसांची नोंद कुठे आहे?

पांझराकाठ

मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, २०२८-२९ पर्यंत काम पूर्ण करायचं, असं तेव्हा जाहीर झालं. ही मागणी आमच्या आजोबांच्या पिढीपासूनची. चाळीसगावच्या एका फाट्यावर एवढी वर्षं काढलेलं धुळं आता मुंबई-इंदूरच्या वाटेवर येणार, नरडाणा आणि अवधानच्या औद्योगिक वसाहतींत कामं वाढणार. हे सगळं मला हवंय. आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी विकासाच्या विरोधातली म्हणायला नको.

धागा काढायचं कारण असं की रेल्वे यायला अवकाश आहे, पण भाव आधीच येऊन बसलेत. हद्दवाढीत शहरात आलेल्या वलवाडी, महिंदळे, नकाण्याकडे जिकडे बघाल तिकडे प्लॉट पाडलेत. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, शेत ज्याचं त्याने विकलं. मी बोलतेय जुन्या धुळ्याबद्दल. १८१९ नंतर कॅप्टन ब्रिग्जने आखलेली पेठ, सरळ नंबरी गल्ल्या, एकेका वाड्यात आठ-दहा बिऱ्हाडं. यंत्रमागावरचे कामगार, मार्केट यार्डातले हमाल, दवाखान्यातल्या मावश्या, शिंपी, रसवंतीवाले. या लोकांच्या जिवावर शहर सकाळी उघडतं. वाडा पडला की खाली गाळे आणि वर टू बीएचके होतात, आणि त्यात या बिऱ्हाडांपैकी एकही परत येत नाही.

कुणी बुलडोझर आणत नाही. अकरा महिन्यांचा करार संपला की "या खेपेला जमणार नाही" एवढंच सांगतात. जादा डिपॉझिट मागतात. नळाची दुरुस्ती थांबते. चार महिन्यांत खोली आपोआप रिकामी होते आणि पेपरात एक ओळही येत नाही.

आमच्या मागच्या खोलीतल्या काकूंचं सांगते. ज्वारीच्या भाकरी आणि एक भाजी, असे डबे त्या मागावरच्या आणि ट्रान्सपोर्टच्या लोकांना पुरवायच्या. सगळं गिऱ्हाईक पायी पाच-दहा मिनिटांवर. पीठ गिरणी कोपऱ्यावर, आणि किराणावाल्याकडे महिन्याची वही. खोली गेल्यावर त्या चितोड रस्त्याच्या पुढे राहायला गेल्या. भाडं तिथे थोडं कमी आहे, पण डबे पोचवायला आता रिक्षा लागते. तिथला किराणावाला ओळखत नाही, तो रोख मागतो. हातात पैसे आल्यावर पीठ आणायचं आणि पीठ आल्यावर डबे करायचे, असं उलटं चक्र सुरू झालं. अर्धी गिऱ्हाइकं सुटली. त्यांचं घर गेलं असं कुणी म्हणणार नाही, कारण राहायला खोली आहेच. गेला तो धंदा, आणि वर्षानुवर्षं कमावलेली उधारीची पत.

आता मुद्द्याचं. घरपट्टीच्या आकारणीच्या उताऱ्यात दोन रकाने असतात, एक मालकाचा आणि एक भोगवटादाराचा, म्हणजे तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा. आमच्या वाड्याचा उतारा मी पाहिला. भोगवटादाराच्या रकान्यात 'स्वतः' लिहिलंय. आत नऊ चुली पेटायच्या आणि कागदावर एकच माणूस राहतो. उद्या कुणी या भागाचा पुनर्विकास आखायला बसलं, तर त्याच्यासमोर हाच कागद असणार. त्याच्या हिशेबात आम्ही जन्मालाच आलेलो नाही.

तुमच्या गावात काय चाललंय? आणि ही नोंद करून घ्यायचा काही मार्ग आहे का?

देवपूरकर

ताई, मी मालकाच्या बाजूचा आहे, तरी लिहितो. आमचाही गल्लीत वडिलोपार्जित वाडा आहे. धाब्याचं घर, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. दर पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकावी लागते, तिला आता माणूस मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही. जुन्या तीन भाडेकरूंचं भाडं महिन्याला नव्वद रुपये. भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढवता येतं, म्हणजे तीन रुपये साठ पैसे. भिंत फुगलीय. उद्या कुणाच्या अंगावर पडली तर गुन्हा माझ्यावर.

'स्वतः' का लिहितात तेही सांगतो. भाडेकरू दाखवला की घरपट्टी भाड्यावर धरतात आणि ती चढते. नव्वद रुपये भाडं घेणाऱ्याने ती कशातून भरायची? त्यामुळे बहुतेक मालक गप्प बसतात. भाडेकरूही गप्प बसतो, कारण त्याला मालकाशी वाकडं घ्यायचं नसतं. दोघांच्या गप्प बसण्यातून तो रकाना असा झालाय.

बिल्डर दारात येऊन रोख आकडा सांगतो तेव्हा तीन भावांच्या घरात काय होतं ते बाहेरून कळत नाही. दोन भाऊ पुण्याला आहेत, त्यांना वाटणी हवीय. मला माझ्या भाडेकरूंना हाकलायचं नाही, त्यांच्या अंगाखांद्यावर मी वाढलोय. पण मला कुणी तिसरा रस्ता दाखवा.

कलम_पंचावन्न

धुळे-जळगावच्या कोर्टात भाड्याचीच कामं जास्त बघतो, म्हणून थोडं सविस्तर.

पहिलं, भाडेकरू आणि लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर राहणारा हे दोन वेगळे लोक आहेत. देवपूरकरांचे नव्वद रुपयेवाले भाडेकरू आहेत. पाडून नवं बांधायचं हे कारण दाखवून त्यांना खाली करायला लावलं, तर नव्या इमारतीत जागा मागायचा हक्क त्यांना आहे. अकरा महिन्यांच्या लायसन्सवाल्याला असा हक्क नाही. मुदत संपली की त्याला जावं लागतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खोली घेतलेले बहुतेक कष्टकरी या दुसऱ्या गटात आहेत. म्हणून जुन्या भाडेकरूंना नवा 'करार' सहीसाठी दिला जातो तेव्हा तो वाचून घ्या. लायसन्सच्या कागदावर सही केली की हातचा हक्क निसटू शकतो.

दुसरं, ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांच्यासाठी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत करायची जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे शेकडो लोकांना माहीत नसतं आणि ते "माझ्याकडे तर काहीच नाही" म्हणत निघून जातात. वीजबिल, गॅसचं कार्ड, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, रेशनकार्ड, पोस्टाने आलेलं पाकीट, जे असेल ते जपून ठेवा. भाडं शक्यतो फोनवरून पाठवा, म्हणजे नोंद राहते.

तिसरं, रेल्वे किंवा रस्त्यासाठी सरकारने जमीन घेतली तर गोष्ट वेगळी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' फक्त मालकाचं नसतं. संपादनाआधी तीन वर्षं शहरी भागातल्या त्या जमिनीवर राहणारं कुटुंबही त्यात येतं. म्हणजे सरकारने उठवलं तर काही तरी मागता येतं. बाजाराने उठवलं तर मागायला समोर कुणीच नसतं. पांझराकाठ ताई ज्या प्रकाराबद्दल लिहितायत तो हा दुसरा आहे, आणि कायद्यात सगळ्यात मोठं भगदाड तिथेच आहे.

लिंबायत_ते_पारोळा

मी सुरतहून लिहितोय. उधना, लिंबायत, पांडेसरा इथे फिरलात तर निम्म्या गल्ल्यांत अहिराणी ऐकू येईल. तापी लाइनच्या गाडीने आमचे वडील इकडे आले, कारण पारोळ्याकडे कोरडवाहू शेती आणि गावात काम नाही. दहा बाय दहाची खोली, आत चार माणसं, पाळीप्रमाणे झोपायचं. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या गोधडीत रातपाळीवाला.

मला या धाग्यात आनंदाची गोष्ट दिसते ती अशी, की नरडाण्याला आणि अवधानला खरंच कारखाने वाढले तर आमच्यासारखे हजारो लोक परत यायला तयार आहेत. आईवडील गावी, आम्ही इथे, असं किती वर्षं चालणार? पण मागच्या सुटीत देवपुरात खोली बघायला गेलो. सांगितलेलं भाडं ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात तर लिंबायतला राहून वर पैसे उरतात. म्हणजे पोटासाठी गाव सोडलेला माणूस काम घरी आल्यावरही घरी येऊ शकत नाही. हे मला फार लागलं.

आमच्या शेजाऱ्याच्या घरच्या आजी धुळ्यात असतात, त्या गेल्या आठवड्यात फोनवर पोराला विचारत होत्या, "आते आम्ही कोठे जावानं, तूच सांग भो." धुळ्यातली खोली सोडायला सांगितलीय त्यांना.

केळीपट्टा

जळगावचं सांगते, कारण आमच्याकडे हा खेळ आधी झालाय.

खान्देश मिल १८७० च्या दशकात मूळजी जेठांनी उभी केली. स्टेशनच्या समोर, गावाच्या ऐन मध्यात. मिल बंद पडली आणि त्या जागेवर आता खान्देश सेंट्रल मॉल आहे. मिल होती म्हणून शनिपेठ, गेंदालाल मिलचा भाग, तिकडची वस्ती स्टेशनजवळ राहिली. कामगार जिथे काम तिथेच राहायचा. मिल गेली तरी ती माणसं तिथेच राहिली, कारण स्टेशन आहे, दाणाबाजार आहे, हमाली मिळते, धुणीभांडी मिळतात. आता त्यांच्या अंगणातून रस्ता रुंद होतो आणि जमिनीला भाव येतो.

त्यांना घरं द्यायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. नगरपालिकेच्या काळात ११,४२४ घरकुलांची योजना आली. बांधकाम अर्धवट राहिलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना शिक्षा सुनावली. पुढे अपिलं झाली. त्या निकालाबद्दल सगळे बोलतात. ज्यांच्या नावाने ती घरं होती ते त्या काळात कुठे राहिले, हे कुणी विचारत नाही.

शिवाय गावाबाहेर घर मिळालेल्या बायकांशी बोला. घर पक्कं आहे, संडास आहे, त्या खूश आहेत. पण पहाटे चार घरची भांडी करायला गावात यायचं तर रिक्षाचे पैसे त्या भांड्यांच्या पैशातूनच जातात. माझ्या ओळखीच्या दोघींनी घर भाड्याने देऊन टाकलं आणि परत तांबापुऱ्याकडे पत्र्याच्या खोलीत आल्या. मग लोक म्हणतात, "यांना फुकट घर दिलं तरी झोपडपट्टीतच राहायचं असतं." असं बोलणाऱ्यांनी एकदा पहाटे पाचला त्या घरकुलाच्या फाट्यावर उभं राहून बघावं, गावात यायला काय मिळतं ते.

अवधान_रात्रपाळी

केळीपट्टा ताई, अगदी बरोबर. मी रात्रपाळीला असतो. पाळी सुटते तेव्हा बस नसते. पेठेत राहणारे आम्ही पाच जण एका रिक्षात येतो. त्यातले दोघं खोली गेल्यामुळे साक्री रोडच्या टोकाला गेले, आता रिक्षा तीन माणसांत पडते. त्या दोघांपैकी एकाने सायकल घेतली. हायवेवर रात्री सायकल, ट्रकच्या शेजारून. त्याची बायको झोपत नाही तो येईपर्यंत.

सोमावल

मी तळोदा तालुक्यातला. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि धडगाव भागातली. आमचे लोक नदीकाठावरून सोमावल, रेवानगरला आणले.

तिथे मी लहानपणापासून दोन शब्द ऐकले, घोषित आणि अघोषित. यादीत नाव आहे तो घोषित, त्याला जमीन. त्याच्याच शेजारी, त्याच काठावर, त्याच महुआखाली वाढलेला, पण सर्वेक्षणाच्या दिवशी मजुरीला गुजरातेत गेला होता म्हणून ज्याचं नाव राहिलं, तो अघोषित. एका नावासाठी लोकांनी वर्षानुवर्षं ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, मोर्चे काढले. नाव नंतर घालायला लागलेली मेहनत आधी घालायला लागणाऱ्या मेहनतीच्या शंभरपट असते, हे मी आमच्या घरात बघितलंय.

म्हणून पांझराकाठ ताईंचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या दिवशी मोजणीवाला येईल त्या दिवशी कोण घरी असेल यावर काही सोडू नका. धुळ्यात बांधकामावर आमच्याकडची किती तरी पावरा आणि भिल कुटुंबं मोकळ्या प्लॉटवर पाल टाकून राहतात. नवी घरं तेच बांधतायत. यादी कराल तेव्हा त्यांनाही धरा. ते होळीला गावी जातात. त्या दिवसांत यादी करू नका, ही विनंती.

पाचकंदील

हातगाडीवाल्यांचंही लिहा कुणी तरी. पाच कंदील भागात आमचा बसायचा ठिय्या आहे. रस्ता सुशोभित करायचा म्हटलं की पहिले आम्ही उठतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात लिहिलंय की सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के आमचे प्रतिनिधी हवेत. आम्ही हे छापून गाडीला लावलंय. अतिक्रमण पथकातला माणूस वाचतो, मान हलवतो, आणि तराजू उचलून नेतो.

पण खोलीचा आणि गाडीचा संबंध आहे. केळी, पेरू रात्री ठेवायला खोली जवळ लागते. खोली तीन किलोमीटरवर गेली की माल ठेवायचा कुठे? गोडाऊनचं भाडं द्यायचं तर पेरूच्या किलोमागे काय राहील?

कलम_पंचावन्न

दोन गोष्टी राहिल्या होत्या.

अतिक्रमण म्हणून नोटीस आली तर १३ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा. पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. मात्र सार्वजनिक रस्ता, फुटपाथ, रेल्वेला लागून आणि नदीपात्रातल्या बांधकामांना त्यातून वगळलंय. पांझरा नदीच्या काठावर राहणाऱ्यांनी ही अट नीट समजून घ्यावी, खोट्या भरवशावर राहू नये. सरकारी जमिनीवर १ जानेवारी २०११ आधीपासून राहणाऱ्यांना घर नियमानुकूल करून घेता येतं. तिथेही सगळं त्या तारखेच्या पुराव्यावर अडतं.

दुसरं, पुण्या-नाशिकची मंडळी सांगतात तो २० टक्क्यांचा नियम, म्हणजे मोठ्या लेआउटमध्ये पाचवा हिस्सा अल्प उत्पन्न गटाच्या घरांना ठेवायचा. एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तो १० लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांना लागू आहे. २०११ च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या पावणेचार लाख, जळगावची साडेचार लाखांच्या वर. दोन्ही शहरं बाहेर. म्हणजे जिथे भाव अजून आवाक्यात आहेत आणि असा नियम स्वस्तात लावता येईल, नेमका तिथेच तो नाही. मागणी करायची तर आमदारांकडे हीच करा: रेल्वे येणाऱ्या ड वर्गाच्या, म्हणजे धुळ्यासारख्या लहान महापालिकांना हा नियम आत्ताच लावा. लेआउट मंजूर होऊन गेल्यावर लावून उपयोग नाही.

देवपूरकर

वकीलसाहेब, माझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं मिळालं. भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा द्यायची तर बिल्डरने ती धरूनच हिशेब करायला हवा. मी भावांशी बोललो. अट घालून बोलणी करू म्हणालो: तिन्ही भाडेकरूंना मागच्या बाजूला खोल्या, नोंदणीकृत करारात, मग सही. एक भाऊ तयार आहे, दुसरा अजून नाही. पांझराकाठ ताई, तुमची यादी झाली तर मला एक प्रत द्या. मालक म्हणून भोगवटादाराच्या रकान्यात नावं घालायचा अर्ज मीच देतो. घरपट्टी वाढली तर वाढू दे. पण हा बोजा एकट्या मालकावर येऊ नये म्हणून भाडेकरू नोंदवणाऱ्या जुन्या वाड्यांना घरपट्टीत सूट द्या, हीही मागणी निवेदनात घाला. नाहीतर माझ्यासारखा एखादाच पुढे येईल.

पांझराकाठ

देवपूरकर दादा, घालते. हे मला सुचलं नसतं.

सगळं वाचून पक्कं ठरलं की महापालिकेची वाट बघत बसायचं नाही, यादी आपणच करायची. गल्लीवार. प्रत्येक खोलीचा एक कागद: कुटुंबप्रमुखाचं नाव, कधीपासून राहतात, काम काय आणि कामाचं ठिकाण किती लांब, भाडं किती, कागद काय काय आहेत. 'कामाचं ठिकाण किती लांब' हा रकाना मी मुद्दाम घातलाय. उद्या कुणी गावाबाहेर घरं देतो म्हणालं, तर आपल्या हातात उत्तर हवं. फोटोत दार आणि मीटर यायला हवा. दोन प्रती काढून एक आवक नंबर घेऊन महापालिकेत, एक आपल्याकडे.

ज्यांना मालकाची भीती वाटते त्यांचा कागद वेगळा ठेवायचा, तो द्यायचा नाही. त्यांच्या परवानगीशिवाय एकही नाव बाहेर जाणार नाही. यावर कुणाशीही वाद घालायची माझी तयारी आहे, कारण याच भीतीमुळे आजवर यादी झालेली नाही. सोमावल दादा, होळीचं लक्षात ठेवलंय, पालावर आपण दिवाळीनंतर काम सुरू झाल्यावर जाऊ. तुम्ही सोबत आलात तर बोलायला सोपं जाईल.

अवधान_रात्रपाळी

मी येतो, माझी सुटी मंगळवारी असते. एक विचारायचं होतं. यंत्रमागाच्या शेडमध्येच झोपणारी पोरं आहेत, यूपी-बिहारची. त्यांना खोलीच नाही, भाडंही नाही. शेड विकली तर काम आणि झोपायची जागा दोन्ही एका दिवशी जाईल. त्यांचा कागद कसा भरायचा?

पांझराकाठ

शेडचाच पत्ता घाला. भाड्याच्या रकान्यात 'कामाच्या ठिकाणी मुक्काम' लिहा, आणि कधीपासून ते मुकादमाला विचारून लिहून घ्या. मंगळवारी संध्याकाळी पाळी बदलते तेव्हा शेडवर दोन्ही पाळ्यांची पोरं भेटतील. कोरे कागद मी छापून आणते. तुम्ही फक्त त्यांना आधी सांगून ठेवा की आम्ही कशासाठी येतोय.